औटकी

एखादं सरकार लवकर कोसळलं की वर्तमानपत्रं अजूनही ‘औटघटकेचं राज्य’ असं लिहितात. लिहिणाऱ्याला अर्थ माहीत असतो, वाचणाऱ्यालाही कळतो. पण औट म्हणजे किती, असं विचारलं तर दोघेही बहुधा थांबतील. औट म्हणजे साडेतीन. घटका २४ मिनिटांची, तेव्हा हे राज्य हिशेबाने ८४ मिनिटांचं. शंभर वर्षांपूर्वी मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाला हा शब्द अडला नसता. त्याला औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, पाठ करावी लागत होती.

माझ्याकडे घरातली एक जुनी उजळणी आहे. मुखपृष्ठ गेलेलं, कडा कुरतडलेल्या. तीत पुऱ्या आकड्यांचे पाढे संपले की पावकी सुरू होते. मग निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन. मी शाळेत गेलो ते १९७० नंतर, आणि आमच्या उजळणीत यातलं काहीच नव्हतं. एवढा मोठा अभ्यास एका पिढीत नाहीसा कसा झाला, हे मला पुष्कळ दिवस कळलेलं नव्हतं.

आजच्या अर्थाने गृहपाठ पंतोजींच्या शाळेत नव्हता. वह्या नव्हत्या, तेव्हा तपासायचं तरी काय? होता तो परवचा. दिवेलागणीला, शुभंकरोती झाली की मुलं ओळीने बसायची, एकाने पाढा सांगायचा, बाकीच्यांनी मागून म्हणायचा. शाळेतही तीच रीत: थोरला मुलगा सांगे, धाकटे म्हणत. लिहायला धूळपाटी, म्हणजे फळीवर पसरलेली बारीक धूळ आणि तीत अक्षर कोरायला काडी. जुने गणिती आकडेमोडीला ‘धूलिकर्म’ आणि ‘पाटीगणित’ म्हणत, ते यावरूनच. मद्रासच्या एग्मोरमधल्या अनाथाश्रमात काम करणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी इथल्या एका गावठी शाळेत मुलांना वाळूत अक्षरं गिरवताना पाहिलं, मुलांनी मुलांना शिकवायच्या पद्धतीला त्याची जोड दिली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तक छापलं. पुढे बेल आणि लँकास्टर यांच्या नावांनी ही पद्धत इंग्लंडभर पसरली. एल्फिन्स्टनच्या काळात मुंबई इलाख्यात नव्या शाळा निघाल्या, तेव्हा ती ‘सुधारलेली विलायती पद्धत’ म्हणून परत आली. आपलीच धूळ आपल्याला बोटीने आली, असं म्हणायला हरकत नाही.

हे केवळ मराठी शाळेचं वैशिष्ट्य नव्हतं. आम्ही बडोद्याचे; शेजारी गुजराती. त्यांच्या शाळेत साडेतीनच्या पाढ्याला ‘ऊठां’ म्हणत. हिंदी पट्ट्यात तो ‘हूँठा’, आणि तिथली मुलं पुढे साडेचारचा ‘ढौंचा’ही म्हणत. औट, ऊठ, हूँठ हे तिन्ही शब्द एकाच मुळाचे: प्राकृतातला ‘अद्धुट्ठ’, म्हणजे संस्कृतातला ‘अर्धचतुर्थ’. तीन पुरे आणि चौथा अर्धा. अडीचही तसाच, ‘तिसरा अर्धा’. आपली भाषा साडेतीनकडे तीनच्या बाजूने नव्हे, चारच्या बाजूने पाहत होती. तमिळ तिण्णै शाळांतल्या ‘एण्सुवडि’त तर अपूर्णांक थेट मुंदिरीपर्यंत, म्हणजे एकाच्या ३२०व्या भागापर्यंत जात. बंगालात शुभंकराच्या आर्या म्हणत.

गंमत अशी की गुजरातीत ‘ऊठां भणाववां’ म्हणजे एखाद्याला फसवणं, आणि बंगालीत ‘शुभंकरेर फाँकि’ म्हणजे आकड्यांच्या आडून केलेली लबाडी. दोन भाषांनी मुलांच्या अभ्यासाला फसवणुकीचा अर्थ द्यावा, याला कारण असलं पाहिजे.

कारण बाजारात सापडतं. रुपयाचे १६ आणे, मणाचे ४० शेर. ४०ला १६ने भागलं की अडीच. म्हणून व्यापाऱ्याचा आडाखा असा: जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. ज्वारी ५ रुपये मण असेल तर ५ आण्यांना अडीच शेर. गिऱ्हाइकाने ३५ आणे पुढे केले तर ते पाचाच्या सात पट. सात अडीच साडेसतरा. साडेसतरा शेर मापून द्यायचे, कागद लागत नाही, बोटंही लागत नाहीत. ज्याला अडीचकी येते त्याचा हिशेब समोरच्याचं बोलणं संपायच्या आत झालेला असतो. व्याजाचंही तेच. दरमहा शेकडा दीड रुपयाने ७०० रुपये दिले, तर सात दीड साडेदहा. तीन महिन्यांचे साडेएकतीस. सावकाराच्या ओट्यावर हे गणित तोंडी चाले. कर्जदाराला दीडकी येत नसेल तर मान हलवण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसे.

घोकंपट्टीला नावं ठेवणारे इथे चुकतात, असं मला वाटतं. मुलं अर्थ न कळता पाठ करत, छडीच्या धाकाने करत, हे खरं आहे. पण पाठ केलेली गोष्ट निरुपयोगी नव्हती. ती हत्यारासारखी होती, आणि हत्यार सगळ्यांना मिळत नव्हतं. पंतोजीच्या ओसरीवर ब्राह्मण, वाणी, सोनार यांची मुलं बसत, थोडीफार इतरांची. अस्पृश्य मानलेल्यांना ओसरी बंद, मुलींचा प्रश्नच नव्हता. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला मे १८७५मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि रोखे जाळले. त्यांनी मुख्यतः कागद धरला, यातच सगळं आलं. १८७९च्या कायद्याने सावकाराने पावती आणि हिशेब देणं बंधनकारक केलं. पण तो वाचायचा कोणी, ताडून पाहायचा कोणी? जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. त्यात खालच्या वर्गांच्या प्राथमिक शाळांत काय शिकवावं ते सांगताना मोडी आणि बाळबोध वाचन-लेखनाबरोबर त्यांनी हिशेब घातला, शेतीही घातली. त्या यादीतला हिशेब हा शब्द मी सुप्याच्या राखेशेजारी ठेवून वाचतो.

माझी आजी शाळेत गेली नाही. सातारा जिल्ह्यातल्या तिच्या माहेरी भावांचा परवचा माजघरात ऐकू येई. भाकरी थापता थापता तिला निमकी, दीडकी आणि औटकी पाठ झाली. लग्नानंतर ती बडोद्याला आली. सयाजीरावांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं, मुलींनाही. पण सासरी आलेल्या बाईला त्याचा काय उपयोग? तिला सही येत नसे. दूध साडेतीन आणे शेर असताना महिन्याचा हिशेब मात्र ती तोंडी करी, आणि दूधवाला तो मान्य करी. घरातल्या शिकलेल्या पुरुषांपेक्षा तिचं उत्तर आधी येई, असं आई सांगते.

१ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. रुपयाचे १०० झाले आणि आजीचा हिशेब अडखळला. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, पण सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीन आण्यांना १९, चारला २५. पावणेएकोणीसचे पुरे एकोणीस केले होते, यात काही चूक नव्हती. पण आजीचं म्हणणं सरळ होतं: एक आणा सहा, तर तीन आणे अठरा; एकोणिसावा पैसा कोणाचा? दुकानदाराने भिंतीवरचा तक्ता दाखवला. तक्ता तिला वाचता येत नव्हता. जन्मात पहिल्यांदा तिला हिशेबासाठी वाचणाऱ्याकडे जावं लागलं.

पुढच्या वर्षीपासून टप्प्याटप्प्याने शेर आणि मण गेले, किलो आले. शाळांत दशांश चिन्ह आलं. ज्या गुरुजींनी स्वतः औटकी म्हटली होती त्यांनीच आता ३.५ लिहायला शिकवलं. पोरांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, आणि ते उतरायलाच हवं होतं. देशभर एकच माप आलं, वेगवेगळ्या पायल्यांत होणारी लूट थांबली. मला औटकी परत नको आहे. मुलीला मी ती शिकवलेली नाही. तरी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. औटकी म्हणणाऱ्या मुलाला साडेतीन हा सातसारखाच एक अखंड आकडा होता. त्याला त्याचं नाव होतं, पाढा होता, चाल होती. आजच्या मुलासाठी ते तीन आणि पाच यांच्यामध्ये बसलेलं एक टिंब आहे. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ आलं, तेव्हा मराठी बुडाली म्हणून किती गदारोळ झाला! सात पाढे आणि एक आख्खा शब्द शाळेतून गेला, तेव्हा असं भांडण झाल्याचं माझ्या वाचनात नाही.

शब्द तरी सगळे कुठे गेले? पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११पासून चलनातून बाद झालं, तरी चार आण्याची अक्कल अजून काढली जाते. महसूल खात्यात पिकाचा अंदाज पूर्वी आणेवारीने होई. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. आता तिचं नाव पैसेवारी आहे, आणि ५० पैशांच्या आत आली तर गाव टंचाईग्रस्त ठरतं, सवलती मिळतात. कागदोपत्री पैसेवारी, पण बातमीत पुष्कळदा आणेवारीच छापतात, आणि पारावर बसलेला म्हातारा विचारतो, आठ आण्याच्या आत लावली का वर?