त्सुफेनहाउझेनचे लोरेन्त्स, बर्लिनचे बेगून आणि मुंबईचे काउफमन

जर्मनीतल्या स्टुटगार्ट शहराच्या उत्तरेला त्सुफेनहाउझेन नावाचा भाग आहे. पोर्शे मोटारींचा कारखाना तिथला, म्हणून बहुतेकांना हे नाव ठाऊक असते. पण तिथे लोरेन्त्सश्ट्रासे नावाचा एक रस्ताही आहे. आपल्या घरांत जुनी टेप किंवा कॅसेट जपून ठेवलेली असेल, तर या नावाशी आपलेही थोडे नाते आहे.

सी. लोरेन्त्स ही तारयंत्रे आणि रेडिओ बनवणारी कंपनी 1880 साली बर्लिनमध्ये सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर ती त्सुफेनहाउझेनला आली आणि 1958 पासून ‘स्टँडर्ड एलेक्ट्रिक लोरेन्त्स’ झाली. बर्लिनच्या दिवसांत या कंपनीत सेमी जोसेफ बेगून नावाचा तरुण ज्यू इंजिनिअर काम करत होता. जन्म 1905, गाव डान्झिग. त्याने पोलादी पट्टीवर आवाज साठवणारे यंत्र तयार केले आणि जर्मन रेडिओने ते वापरले.

ही पट्टी सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने धावे. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला जवळजवळ पावणेतीन किलोमीटर पोलाद लागे! पट्टी तुटली तर डाग देऊन जोडावी लागे. भाषणाला हे यंत्र पुरेसे होते, संगीताला मात्र अपुरे. त्यातही व्हायोलिन आणि पियानो ही जोडी कोणत्याही यंत्राची खरी परीक्षा घेते. पियानोचा सूर वाजल्यावर हळूहळू विरत जातो. यंत्राचा वेग किंचित जरी डळमळला तरी तो सूर थरथरतो आणि कानाला लगेच कळते. व्हायोलिनच्या आवाजातली चमक वरच्या, बारीक स्वरांत असते. यंत्राची खरखर नेमकी तीच झाकून टाकते.

1935 साली बेगून अमेरिकेला निघून गेले. हिटलरच्या जर्मनीत ज्यू इंजिनिअरला भवितव्य उरले नव्हते. त्याच वर्षी बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन मांडला. त्यात पोलादाऐवजी लोहाच्या भुकटीचा लेप दिलेली हलकी फीत होती. 19 नोव्हेंबर 1936 रोजी लुडविग्सहाफेनला सर थॉमस बीचम यांच्या लंडन फिलहार्मोनिकचे वादन या फितीवर उतरवले गेले. खरखर मात्र होतीच. 1940 मध्ये जर्मन रेडिओच्या वेबर आणि ब्राउनम्यूल यांनी ध्वनीच्या विजेत कानाला ऐकू न येणारी अतिउच्च कंपने मिसळली, आणि खरखर एकदम कमी झाली. युद्धाच्या शेवटच्या काळात पियानोवादक वाल्टर गीझेकिंग यांचे बीथोव्हन याच पद्धतीने स्टिरिओत ध्वनिमुद्रित झाले. हळुवार जागांमध्ये दूरच्या विमानविरोधी तोफा त्यात आजही ऐकू येतात. त्याच युद्धात लोरेन्त्स कंपनी जर्मन सैन्यासाठी गुप्त संदेशांची यंत्रे बनवत होती.

बेगून यांनी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या ब्रश कंपनीत काम चालू ठेवले. युद्ध संपताच ‘साउंडमिरर’ हे घरगुती टेपयंत्र बाजारात आले. 1949 साली त्यांनी चुंबकीय ध्वनिमुद्रणावर ग्रंथ लिहिला.

आता मुंबईकडे वळू. बेगून बर्लिनमध्ये होते त्याच सुमारास वाल्टर काउफमन तिथे संगीत शिकत होते. तेही ज्यू, जन्म 1907, गाव कार्ल्सबाड. 1934 मध्ये ते मुंबईत आले आणि त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी काढली. काउफमन पियानोवर, मेहली मेहता व्हायोलिनवर. हे मेहली म्हणजे झुबिन मेहतांचे वडील. इस्रायलमधल्या आपल्या वाचकांना झुबिन यांची ओळख करून द्यायला नको. 1937 ते 1946 काउफमन ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते.

पण त्या काळी रेडिओवरचे वादन बहुधा थेट प्रक्षेपित होई. वाजले आणि हवेत विरले. काउफमन यांच्या नावावर असलेली आकाशवाणीची ती सकाळची धून मात्र राहिली, कारण ती रोज वाजत राहिली. आपल्या आजी-आजोबांनी ती मुंबईत आणि कोकणात चहाच्या वेळी ऐकली. दोघांनाही घरदार सोडावे लागले. एकाने आवाज जपण्याचे साधन जगाला दिले. दुसऱ्याचे कितीतरी सूर त्या साधनावाचून गेले.

आज डिजिटल युगातही काही जण मुद्दाम जुन्या यंत्रांवर व्हायोलिन-पियानो ध्वनिमुद्रित करतात. त्सुफेनहाउझेनच्या जवळच लुडविग्सबुर्गला 1949 साली सुरू झालेल्या बाउअर स्टुडिओनेही अलीकडच्या काळात मैफली थेट टेपवर घेतल्या. वादक एकाच खोलीत, मोजके मायक्रोफोन आणि दोन पट्ट्यांची टेप. सूर चुकला तर पुन्हा वाजवायचे, नाहीतर फीत ब्लेडने कापून जोडायची.

वाचकहो, लोद, अश्दोद, लंडन, टोरोंटो इथल्या आपल्या घरांत कीर्तनाच्या, लग्नातल्या गाण्यांच्या, आजीच्या बोलण्याच्या टेपा पडून आहेत. त्यांवरचा लेप चिकट होतो, सुटतो. चालू यंत्रे आणि ती दुरुस्त करणारे हात कमी होत आहेत. फीत चिकट वाटली तर वाजवून पाहू नका, जाणकाराकडे द्या. ओल आणि उन्हापासून दूर ठेवा. डब्यावर कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते वर्ष हे लिहा. तो आवाज ओळखणारी माणसे आज आपल्यात आहेत. आधी त्यांना विचारा.