मशीन एकदाच विकलं जातं: सुट्या भागांच्या बाजाराचा इतिहास आणि मामाचा प्रश्न

गेल्या दिवाळीत मामाने मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर द्यायला मला जवळजवळ सहा महिने लागले.

मामाचं महामार्गालगत सुट्या भागांचं दुकान आहे. पोकलेन, डोझर, लोडर यांचे भाग. बकेटचे दात, पिन-बुश, ट्रॅक रोलर, सील किट, फिल्टर, होज. त्याचा मुलगा, म्हणजे माझा मामेभाऊ, डिप्लोमा करून घरी आहे. मामा म्हणाला, "तू झिजेवरच पीएचडी करतेस ना गं? मग सांग, हा धंदा अजून वीस वर्षं चालेल का? पोराला यात घालू की नको?"

माझं काम प्रयोगशाळेतलं. पोलादाचा तुकडा वाळूवर घासायचा, वजन करायचं, परत घासायचं. बाजाराशी माझा संबंध नाही. पण घरच्यांना "तो माझा विषय नाही" हे वाक्य कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळू नयेच. मग मी रिसर्च स्कॉलर जे करतात तेच केलं. नव्या यंत्रांच्या विक्रीचे आकडे गोळा केले, आलेख काढला, त्यातून एक रेघ ओढली आणि पुढे वाढवली. रेघ वर जात होती. गाइडना सहज दाखवली. त्यांनी चष्मा वर सरकवून पाहिलं आणि म्हणाले, "हा मशीन विकणाऱ्याचा आलेख आहे. भाग विकणाऱ्याचा कुठंय?"

हा लेख त्या वाक्याबद्दल आहे. सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असलेल्यांनी तरी वाचाच, कारण चुकीची राशी मोजण्याची ही चूक आपण सगळेच करतो.

नवीन मशीनची विक्री म्हणजे धरणात येणारं पाणी. सुटे भाग खपतात ते धरणात साठलेल्या पाण्यावर. यंदा किती मशीन विकली याला भागांच्या दुकानात फारसा अर्थ नसतो, कारण नव्या मशीनला पहिली काही वर्षं थोडंच लागतं आणि तेही वॉरंटीत कंपनीकडून जातं. मामाकडे जे गिऱ्हाईक येतं त्याचं मशीन सहा, आठ, बारा वर्षांपूर्वी विकलेलं असतं, अनेकदा दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचं. म्हणजे भागांची मागणी ठरते तीन गोष्टींवर: चालू स्थितीतली मशीन किती, ती वर्षाला किती तास चालतात, आणि तासाला किती झिजतात. तिसरी गोष्ट माझ्या ओळखीची. १९५३ साली आर्चर्डने मांडलेला नियम आमच्या विषयात पहिल्याच सेमिस्टरला शिकवतात: झिजून गेलेलं आकारमान हे भार आणि घसरलेलं अंतर यांच्या सम प्रमाणात आणि कठीणपणाच्या व्यस्त प्रमाणात असतं. आलेखात माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. ना साठा, ना तास, ना झीज.

आणि साठा म्हटला की इतिहास आलाच. म्हणून मी मागे गेले.

बेंजामिन होल्टने कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या दलदलीच्या जमिनीत पट्ट्यावर चालणारा ट्रॅक्टर २४ नोव्हेंबर १९०४ रोजी चालवून पाहिला. १९२५ साली होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर झाली. इथपर्यंतची गोष्ट यंत्राच्या शोधाची आहे, ती कुठेही वाचायला मिळते. आपल्या कामाची गोष्ट सुरू होते दुसऱ्या महायुद्धात. अमेरिकी नौदलाच्या बांधकाम तुकड्यांनी पॅसिफिकमधल्या बेटांवर धावपट्ट्या बांधल्या, सैन्याने युरोपात आणि आशियात रस्ते काढले, आणि या सगळ्या कामाला डोझर गेले. युद्ध संपलं तेव्हा सैन्य घरी गेलं, बरीचशी यंत्रं तिथेच राहिली. कंपनीच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की जिथे तिने एकही मशीन स्वतः विकलं नव्हतं तिथेही तिची मशीन उभी होती आणि त्यांना भाग लागणार होते. कॅटरपिलरने परदेशातली पहिली उपकंपनी १९५० साली इंग्लंडमध्ये काढली. जगात कुठेही ४८ तासांत भाग पोचवणारी कंपनी ही तिची ख्याती त्यानंतरची, पण तिचा पाया या बेवारस यंत्रांत आहे असं माझं मत.

यातला एक धागा थेट मुंबईत येतो, आणि तो सापडला तेव्हा मी लायब्ररीत एकटीच हसले. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ साली मुंबईत भागीदारी सुरू केली होती. युद्ध संपताना कॅटरपिलरची शिल्लक यंत्रं स्वस्तात मिळत होती. घ्यायची तर भांडवल भागीदारांच्या आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून ७ फेब्रुवारी १९४६ रोजी लार्सन अँड टुब्रो ही प्रायव्हेट लिमिटेड कंपनी झाली. आज आपण ज्या एल अँड टीला पूल, मेट्रो आणि अणुभट्टीच्या भांड्यांसाठी ओळखतो, तिचं कंपनी म्हणून जन्माला येणं हे जुन्या डोझरच्या ढिगाऱ्याशी जोडलेलं आहे! आणि जुना डोझर विकणाऱ्याला दुसऱ्या दिवसापासून त्याचे भाग आणि मेकॅनिकही द्यावे लागतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं.

त्याच सुमारास सरकारही याच वाटेवर होतं. सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले ट्रॅक्टर घेऊन मध्य भारतातली कांस गवताने व्यापलेली जमीन नांगरायला सुरुवात केली. कांसाची मुळं खोल असतात, बैलाच्या नांगराला दाद देत नाहीत. १९४९ साली जागतिक बँकेने भारताला जी पहिली कर्जं दिली त्यातलं एक, एक कोटी डॉलरचं, याच कामाच्या नव्या यंत्रांसाठी होतं. कर्ज काढून मशीन आणता येतं. पण त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं भागांसाठी परकीय चलन लागत राहतं, आणि १९५७ च्या आसपास भारताला नेमकी त्याचीच टंचाई झाली. आयात परवान्याशिवाय साधा बेअरिंगही येईना.

पुढचं मला सर्वांत रोचक वाटतं. परवाना मिळत नाही म्हणून मशीन बंद ठेवता येत नाही. मग तुटलेला भाग घेऊन माणूस ओतकाम करणाऱ्याकडे जातो आणि म्हणतो, असाच करून दे. कोल्हापूरसारख्या ठिकाणी शेतीच्या ऑइल इंजिनांच्या निमित्ताने ओतकामाचा हात आधीच बसलेला होता. भारत अर्थ मूव्हर्स म्हणजे बीईएमएल १९६४ साली स्थापन झाली आणि पुढे जपानच्या कोमात्सुच्या सहकार्याने डोझर देशातच बनू लागले, पण रस्त्याकडेच्या दुकानांतला "लोकल माल" हा या टंचाईच्या काळाचा वारस आहे. मामा त्याला डुप्लिकेट म्हणत नाही, "दुसरा माल" म्हणतो. तो चांगलाही असतो, वाईटही. मी त्याच्याकडचे दोन बकेटचे दात कापून कठीणपणा मोजला आहे. एकाचा पृष्ठभाग कठीण आणि आत मऊ, दुसरा आरपार सारखा. बाहेरून दोन्ही पिवळे.

भाषेतही हा साठा टिकतो. आपण कुठल्याही कंपनीच्या ट्रॅकवाल्या एक्स्कॅव्हेटरला पोकलेन म्हणतो. पोक्लेन ही फ्रेंच कंपनी, तिची यंत्रं एल अँड टीने भारतात बनवली. त्या नावाची नवी एक्स्कॅव्हेटर आता येत नाहीत, पण ऑपरेटर आजही पोकलेनच चालवतो.

आता धंद्याच्या अंदाजाला नडणारी दुसरी बाजू. यंत्र जितकं चांगलं, तितके भाग कमी खपतात. १९६३ साली कॅटरपिलरने मित्सुबिशीबरोबर जपानमध्ये भागीदारी केली तेव्हा कोमात्सुने घाबरून आपल्या डोझरच्या टिकाऊपणावर काम केलं आणि १९६४ साली गुणवत्तेचं डेमिंग पारितोषिक मिळवलं. १९७०च्या दशकात ट्रॅकच्या पिन आणि बुशमध्ये तेल भरून सील लावायची पद्धत आली. त्याआधी पिन-बुशची आतली झीज ही ठरलेली कमाई होती. बुश एका बाजूने झिजला की अर्धा फेरा पलटवून बसवायचे, दोन्ही बाजू संपल्या की नवा. सील आल्यावर आतली झीज जवळपास थांबली, बाहेरची राहिली. एका सीलने दुकानदाराचा एक कप्पा रिकामा केला म्हणा ना.

मग मंदीत काय होतं? हा प्रश्न मी स्वतःला विचारला तेव्हा माझं उत्तर तयार होतं: नवीन मशीन कोणी घेत नाही, जुनीच दुरुस्त करतात, म्हणून भागांना तेजी. इंटरनेटवर सगळीकडे हेच लिहिलेलं असतं. अर्धंच खरं आहे. कॅटरपिलरने १९८२ ते १९८४ या तीन वर्षांत मिळून सुमारे एक अब्ज डॉलर गमावले. त्याहून बोलकं उदाहरण खाणकामाचं आहे. जॉय ग्लोबल ही खाणीची अवजड यंत्रं बनवणारी अमेरिकी कंपनी. २०१२ मध्ये तिची विक्री सुमारे ५.७ अब्ज डॉलर होती, २०१५ मध्ये सुमारे ३.२ अब्ज. उरलेल्या विक्रीत मोठा हिस्सा भाग आणि सेवेचा होता, म्हणजे टक्केवारीच्या आलेखात भागांचा धंदा वाढलेला दिसतो. पण खाणमालकांनी उभ्या राहिलेल्या यंत्रांचे भाग काढून चालू यंत्रांना लावले, मोठ्या दुरुस्त्या पुढे ढकलल्या. काम कमी म्हणून तास कमी, तास कमी म्हणून झीज कमी. २०१७ साली कोमात्सुने ती कंपनी विकत घेतली. टक्केवारी आणि रक्कम यांतला फरक पाहायचा असेल तर हे उदाहरण व्हायव्हाला सांगा.

उभं मशीन हे मंदीत भागांचं गोदाम होतं, हे मामाला मी सांगायची गरज नव्हती. लॉकडाऊननंतर त्याच्या ओळखीच्या एका क्रशरवाल्याने एका पोकलेनचे सगळे रोलर दुसऱ्याला चढवले होते.

अंदाज वर्तवणारे अहवाल इंटरनेटवर ढिगाने मिळतात. अमुक टक्के वार्षिक वाढ, तमुक साली एवढे अब्ज. मी असे काही चाळले. पद्धत कुठेच दिसत नाही, आकडा मात्र दशांश चिन्हापर्यंत असतो. त्यापेक्षा कंपन्या स्वतःचे पैसे कुठे लावतात ते पाहावं. कॅटरपिलरने २०१९ साली जाहीर केलं की भाग आणि सेवेची विक्री २०१६ च्या सुमारे १४ अब्ज डॉलरवरून २०२६ पर्यंत दुप्पट, २८ अब्ज करायची. २०२४ मध्ये ती सुमारे २४ अब्जांवर होती. कोमात्सुने २००१ पासून जपानमध्ये यंत्रांत दूरसंदेश यंत्रणा सरसकट बसवायला सुरुवात केली. मशीन कुठे आहे, किती तास चाललं हे कंपनीला बसल्या जागी कळतं. म्हणजे माझ्या सूत्रातल्या पहिल्या दोन राशी कंपनीला ठाऊक आहेत, मामाला नाहीत. त्याचा खरा प्रतिस्पर्धी हा आहे, शेजारचं दुकान नव्हे.

भारतात १ जानेवारी २०२५ पासून चाकांवर चालणाऱ्या बांधकाम यंत्रांना प्रदूषणाचे पाचव्या टप्प्याचे नियम लागू झाले. इंजिनाच्या मागे धूर गाळणारी यंत्रणा आली, सेन्सर आले. हे भाग कोल्हापुरात ओतून होणार नाहीत. पुढे बॅटरीवरची यंत्रं वाढली तर डिझेलचे फिल्टर आणि इंजेक्टर हळूहळू कमी होतील. पण साठ्याचा नियम इथेही लागू आहे: काल विकलेलं जुन्या पद्धतीचं इंजिन अजून दहा-बारा वर्षं फिल्टर मागणार. आणि जमिनीला लागणारे भाग, म्हणजे दात, कटिंग एज, रोलर, ट्रॅकची चेन, यांना वर इंजिन आहे की बॅटरी याच्याशी काही घेणंदेणं नाही. बेसाल्ट तोच आहे. शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने १८८२ साली शोधलेलं मँगनीज पोलाद क्रशरच्या जबड्यात आजही वापरतात, आणि जबडे आजही झिजतात.

मे महिन्यात मी मामाकडे गेले आणि हे सगळं सांगितलं. जमिनीला लागणारा माल ठेव, सील किट ठेव, जुन्या इंजिनाचा महागडा माल यापुढे मागणीशिवाय भरू नको, आणि पोराला हायड्रॉलिक्सचा कोर्स करू दे. मामाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पण माझ्या गिऱ्हाइकांची किती मशीन अजून चालू आहेत हे तुला कसं कळलं?" मला कळलं नव्हतं. मी जगाचं सांगत होते.

त्याने गल्ल्याखालून तीन वह्या काढल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं मशीन, मॉडेल, सीरियल नंबर, काय नेलं, आणि त्या दिवशी आवर मीटरवर किती तास होते. मीटर पाहिल्याशिवाय तो माल देत नाही, कारण चुकीचा भाग परत आला की भांडण. मशीन दुसऱ्या जिल्ह्यात विकलं गेलं की त्या ओळीवर निळी रेघ. भंगारात गेलं की लाल.

मी सहा महिने जे शोधत होते ते तिथे गल्ल्याखाली होतं. साठा, तास, झीज, आणि मशीन कितव्या तासाला मरतं तेही. मामेभाऊ आता रोज रात्री वह्या एक्सेलमध्ये भरतोय. पहिली झाली, दुसरी अर्ध्यावर आहे. लाल रेघांच्या तारखा मात्र वहीत नाहीत, त्या मामाला एकेक करून आठवून सांगाव्या लागताहेत.