राखीव जागा आणि राजकीय मते

राखीव जागांचा पुरस्कार ही एखाद्या विशिष्ट पक्षाची मिरास आहे, असे पुष्कळांना वाटते. इतिहास पाहता हा समज टिकत नाही. परस्परविरोधी मतांची माणसे या मुक्कामावर निरनिराळ्या वाटांनी येऊन पोहोचली आहेत.

करवीरच्या शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढून, रिकाम्या होणाऱ्या सरकारी नोकऱ्यांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. ही एका संस्थानिकाची आज्ञा होती. मते मिळविण्याचा प्रश्नच तेथे नव्हता. मद्रास इलाख्यात १९२१ साली जस्टिस पक्षाच्या मंत्रिमंडळाने नोकऱ्यांच्या जातवार वाटणीचा हुकूम काढला. हा पक्ष काँग्रेसचा विरोधक आणि इंग्रज राज्यकर्त्यांशी सहकार्य करणारा. डॉ. आंबेडकरांची भूमिका याहून वेगळी. ३० नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी समान संधीचे तत्त्व आणि कारभारापासून आजवर दूर राहिलेल्यांचा हक्क यांची सांगड घातली. म्हणूनच राखीव जागा एकंदर जागांत अल्पसंख्य असाव्यात, असेही बजावले.

पुढे वाद माजला तो मोजमापाचा. मागासलेपण जातीवरून ठरवावे की दारिद्र्यावरून? पंडित नेहरूंच्या सरकारने १९५१ साली घटनादुरुस्ती करून या सवलतींना आधार दिला. पण १९६१ साली मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी जातीनिहाय राखीव जागांविषयी नापसंतीच दर्शविली. काका कालेलकरांनीही १९५५ साली आपल्याच आयोगाचा अहवाल सादर करताना जातीच्या कसोटीविषयी राष्ट्रपतींना प्रतिकूल मत कळविले. डॉ. लोहियांच्या समाजवाद्यांचे म्हणणे नेमके उलट होते. जात हेच विषमतेचे मूळ. तेव्हा मागासलेल्यांना व स्त्रियांना ६० टक्के जागा द्या, अशी त्यांची मागणी होती. साम्यवाद्यांचा भर दीर्घकाळ वर्गावरच राहिला.

१९९० साली मंडल आयोगाच्या शिफारशीनुसार २७ टक्के जागा जाहीर करणाऱ्या विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारला भारतीय जनता पक्ष आणि डावे पक्ष या दोहोंचा बाहेरून पाठिंबा होता.

२०१९ साली आर्थिकदृष्ट्या दुर्बळ, पण अन्य सवलतींत न बसणाऱ्यांसाठी १० टक्के जागांचे विधेयक लोकसभेत ३२३ विरुद्ध ३ मतांनी संमत झाले. त्याला विरोध केला तो जस्टिस पक्षाच्या परंपरेतून आलेल्या द्रविड मुन्नेत्र कळघमने! राखीव जागा सामाजिक बहिष्कारावरचा उपाय आहेत, गरिबीवरचा नव्हे, हा त्यांचा युक्तिवाद. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली, तीही ३ विरुद्ध २ अशा मतांनी. राखीव जागांचे समर्थक कोण, एवढ्यावरून म्हणूनच त्यांचे राजकारण ओळखता येत नाही. अन्याय कोणता आणि तो कशाने मोजायचा, हे त्यांना विचारावे लागते.