कडियाळे : जोर करणाऱ्या घोड्यासाठी निवड

लगामाचा जो लोखंडी भाग घोड्याच्या तोंडात बसतो त्याला कडियाळे म्हणतात. एकट्याने चालताना बोटाच्या इशाऱ्यावर थांबणारा घोडा शिकारीच्या दौडीत इतर घोड्यांबरोबर सुटला की मान ताणतो, कडियाळे दाढांकडे ओढून घेतो आणि स्वाराच्या हाताला दाद देत नाही. यात खोडीपेक्षा स्वभाव मोठा आहे. घोडा कळपातला प्राणी आहे. पुढचे पळाले की मागे राहण्याचे भय त्याच्या अंगात भिनलेले आहे. अशा जोर करणाऱ्या घोड्याला कोणते कडियाळे घालावे, हा या नोंदीचा विषय.

शिकारीची दौड वर आली, पण इथल्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या मुलखात घोड्यावरून शिकार फारशी रुजली नाही. सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांची अरुंद खोरी, भाताची खाचरे, त्यांचे बांध आणि लगेच उठणारे कडे, अशी इथली जमीन आहे. इथे शिकार व्हायची ती हाका घालून. भरधाव शिकारीला देशावरचे माळ लागत. इंग्रजी अमदानीत पुण्यात ‘पूना अँड किर्की हाउंड्स’ हा कुत्र्यांचा ताफा कोल्ह्यांमागे घोडी पळवत असे. भाल्याने रानडुक्कर मारण्याचा खेळही देशावर जोरात होता, आणि कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज त्यात तरबेज म्हणून ओळखले जात. पुढे हे प्रकार इतिहासजमा झाले, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. जोर करणारा घोडा मात्र तसाच उरला. आता तो शर्यतीत, मिरवणुकीत आणि सहलीच्या रांगेत दिसतो.

सह्याद्रीच्या या, कोकणाकडच्या बाजूला घोड्याच्या जोराला आणखी एक कारण मिळते, ते म्हणजे पाऊस. जून ते सप्टेंबर घोडा जवळजवळ ठाणबंद असतो. मराठा फौजाही पावसाळ्यात छावणी करून दसऱ्याला बाहेर पडत. चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आधीच उधळले तर पुढे घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजावलेले आहे. आजच्या पाळणाऱ्याची चूक बहुधा उलट दिशेची असते. काम नसताना हरभऱ्याची चंदी पूर्ववत चालू राहते, आणि उघडीप पडताच तोच घोडा थेट घोळक्यात नेला जातो. त्याने जोर केला तर दोष कडियाळ्याचा नाही. आधी चंदी उतरवावी, आठ-पंधरा दिवस एकट्याने दुडकी चाल द्यावी आणि मगच सोबत दाखवावी.

कडियाळे बदलण्यापूर्वी तोंड पाहणे भाग आहे. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना दात नसलेली जागा असते. कडियाळे बसते ते तिथे. खालच्या जबड्यावर या ठिकाणी हाडाची धार असून वर पातळ कातडे असते, मांसाची गादी नसते. काही घोड्यांना दाढेच्या अगदी पुढे एक छोटा, निरुपयोगी दात येतो. लोखंड त्यावर आदळले की घोडा दुखण्यापासून पळतो, आणि स्वाराला वाटते की तो जोर करतो आहे. दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार होऊन गालाला कापतात, त्याचेही असेच. वर्षातून एकदा पशुवैद्याकडून दात तपासून घ्यावेत. खोगीर पाठीला लागत असेल तरी घोडा पळतो. ही तपासणी टाळून नवे लोखंड घालणे, हे मी या विषयातले सर्वांत मोठे पाप समजतो.

मापही महत्त्वाचे. कडियाळे दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांबाहेर साधारण पाच मिलिमीटर उरावे आणि कोपऱ्याला एक-दोन सुरकुत्या पडाव्यात. सैल असेल तर ते पुढच्या दातांवर आपटते, घट्ट असेल तर ओठ सतत ताणलेले राहतात. लोखंड जाड म्हणजे सौम्य, ही समजूत अर्धीच खरी आहे. बारीक सळई टोचते हे खरे, पण लहान तोंडाच्या, जाड जिभेच्या तट्टूला जाड कडियाळे भरून आल्यासारखे वाटते आणि ते तोंड उघडून धावते.

पहिली पसंती नेहमी साध्या, कड्यांच्या कडियाळ्याला द्यावी. याला स्नॅफल म्हणतात. हाताने जितके ओढावे तितकेच ते जिभेला आणि जबड्याला पोचते. मधोमध एकच सांधा असलेल्या स्नॅफलपेक्षा मध्ये छोटा दुवा असलेले जिभेवर सपाट बसते, म्हणून अनेक घोडे त्यावर निवांत होतात. जोर तोंडात चिमटा बसल्यामुळे होत असेल तर एवढ्या बदलाने तो जातो.

तेवढ्याने भागले नाही, तर घोडा जोर नेमका कसा करतो ते पाहावे. मान वर उधळून नाक आभाळाकडे नेणाऱ्याला सरकता जेरबंद, म्हणजे छातीकडून लगामाकडे येणारा पट्टा, लावावा. लगामाच्या दोऱ्या त्याच्या कड्यांतून जातात आणि डोके ठरावीक उंचीवर गेले की ओढ खालून लागते. मान खाली घालून सगळे वजन हातावर टाकणाऱ्याला मात्र जेरबंद उपयोगी नाही. त्याला डोके उचलायला लावणारे गॅग कडियाळे काम देते. दोरी ओढली की ते ओठांच्या कोपऱ्यात वर सरकते आणि त्याच वेळी कानांमागच्या पट्ट्यावर दाब पडतो. हे हाताच्या चुकीला क्षमा करत नाही, म्हणून नवख्या स्वाराने वापरू नये.

पेल्हम हा तिसरा प्रकार. त्यात खाली दांड्या आणि हनुवटीखाली साखळी असते. खालची दांडी वरच्यापेक्षा जितकी लांब, तितका हाताचा ताण वाढून तोंडाला लागतो. दोन दोऱ्या लावल्या तर रोजचे काम वरच्या, सौम्य दोरीवर चालते आणि खालची गरजेपुरती ओढता येते. स्नॅफलने न भागणाऱ्या दौडीच्या घोड्यासाठी माझे मत यालाच आहे, कारण स्वाराला क्षणाक्षणाला कमी-जास्त करता येते. साखळी सपाट पिळून बसवावी, आणि दांडी सुमारे 45 अंश मागे आल्यावरच तिने हनुवटीला स्पर्श करावा. किंबलविक हा याचाच एका दोरीचा सोपा भाऊ. घोडा त्यावर लवकर टेकायला शिकतो, म्हणून ते रोज घालू नये.

नाकपट्टी आवळून तोंड बंद करणे हा उपाय नाही. पट्टी आणि नाकाचे हाड यांमध्ये दोन बोटे सहज जावीत. काट्यांची किंवा गाठी असलेली कडियाळी बाजारात अजून मिळतात, पण ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या 1965 च्या क्रूरता प्रतिबंधक नियमांत काटे, गाठी आणि टोके असलेली साधने वापरायला मनाई आहे. अशा लोखंडाने घोडा थांबत नाही, तो दुखण्यापासून दूर पळत राहतो. काही दिवसांनी जबड्याची कातडी बधिर होते आणि मग खरोखरच कशालाच दाद लागत नाही.

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढताना किंवा महाडहून वरंधा घाटाकडे जाताना चढणीवर घोड्याचा जोर आपोआप जिरतो. उतारावर खबरदारी हवी. तिथे तोल सांभाळायला त्याला मान पुढे सोडावी लागते. गॅग किंवा आवळलेल्या साखळीने ती अडवली तर पुढचे पाय लटपटतात, आणि पावसाने निसरड्या झालेल्या कातळावर घोडा कोसळू शकतो. म्हणून माळावर बसणारे कडियाळे घाटात बसेलच असे नाही. घाटाच्या वाटेला साधे स्नॅफल ठेवावे, रिकिबीवर भार घेऊन मांड मागे बसवावी आणि दोरी ढिली ठेवावी.

दौडीत थांबवतानाही सलग ओढ देऊ नये. घोडा ओढीला टेकतो आणि दोघे एकमेकांना ओढत राहतात. एका हाताने घोड्याच्या मानेवर दोरी टेकवून धरावी, दुसऱ्याने थोडे घ्यावे, लगेच सोडावे, पुन्हा घ्यावे. जागा असेल तर मोठे वर्तुळ घालावे. पुढच्या घोड्यापासून अंतर ठेवावे आणि बाजूने पळणाऱ्याला पुढे जाऊ द्यावे. हे जमत नसेल तर त्या घोड्याला घोळक्याच्या शेवटी ठेवून चालीचे काम शिकवावे, आणि पक्के होईपर्यंत दौडीला नेऊ नये.