इंटरनेट व्यवसायांची ऑनलाइन बाजारपेठ

चालू संकेतस्थळे, ॲप, ऑनलाइन दुकाने व डोमेन नावे यांची मालकी विकण्या-घेण्याचे मंच. मेलबर्नमधील साइटपॉइंटच्या बाजार-विभागातून २००९ मध्ये वेगळा झालेला ‘फ्लिपा’ यांत विशेष परिचित; ‘एम्पायर फ्लिपर्स’ विक्रेत्याचे हिशेब तपासूनच व्यवसाय यादीत घेते. किंमत बहुधा मासिक निव्वळ नफ्याच्या पटीत ठरते, आणि कस लागतो तो इथेच. देवळा तालुक्यातील उमराणे येथे कांद्याच्या लिलावात व्यापारी माल हातात घेऊन बोली लावतो. या ऑनलाइन बाजारात मात्र माल म्हणजे वाचकसंख्या व उत्पन्नाचे आकडे, आणि ते फुगवणे फार अवघड नाही. म्हणून विक्रेत्याने पाठवलेल्या आकड्यांच्या चित्रांवर (स्क्रीनशॉट) विसंबू नये; संकेतस्थळाच्या विश्लेषण-खात्यात (ॲनालिटिक्स) स्वतः प्रवेश मागावा, बँकेतील जमा ताडून पाहावी. रक्कम त्रयस्थाकडे (एस्क्रो) ठेवून डोमेन, आशय व ग्राहकयादी हाती आल्यावरच ती विक्रेत्याला मिळावी. जाहिरातींचे उत्पन्न देणारे गूगल ॲडसेन्सचे खाते हस्तांतरित होत नाही; खरेदीदाराला स्वतःचेच खाते लागते. लेखी करार केल्याशिवाय पैसे देऊ नयेत.