बासुंदी, देवडी आणि एफटीपी

"हापिसातनं फाइल बाहेर का जात नाही?" हा प्रश्न प्रत्येक आयटीवाल्याने कधीतरी शिव्या घालत विचारलेला असतो. शिव्या बसतात नेटवर्कवाल्याला. बिचारा निमित्तमात्र! मूळ भानगड फार जुनी आहे.

एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत असलेल्या अभय भूषण यांनी एफटीपीचा पहिला मसुदा लिहिला. (हो, आपलाच माणूस, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला.) अर्पानेटवर तेव्हा यंत्रं मोजकी, कोण कोणाला अडवणार? पुढे त्यात दोन वेगळ्या जोडण्या आल्या: एक हुकमांची, दुसरी मालाची. आणि गंमत म्हणजे मालाची जोडणी सर्व्हर उलट तुमच्याकडे करणार.

कुरुंदवाडच्या आमच्या काकांना मी हे असं सांगितलं. समजा तुम्ही वाड्यातनं पंचगंगेपलीकडे वाडीला फोन केलात, "दोन लिटर बासुंदी घरी पाठवा." पोरगं बासुंदी घेऊन आलं, पण देवडीवरचा पहारेकरी म्हणतो, "अनोळखी माणूस आत सोडायचा नाही." पोरगं परत. तुम्ही आत वाट बघत बसलाय!

काका म्हणाले, "मग आपणच जाऊन आणायची की!"

झालं, यालाच पॅसिव्ह मोड म्हणतात. ही सोय १९८५ च्या एफटीपीच्या नियमावलीत होतीच. पण नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने हजारो यंत्रं लोळवली आणि मग सगळीकडे देवड्यांवरचा पहारा कडक झाला. शेवटी १९९४ साली बेल लॅब्जच्या स्टीव्ह बेलोव्हिन यांना वेगळं टिपण लिहून सांगावं लागलं की बाबांनो, पॅसिव्हच वापरा.

तरी पासवर्ड उघडाच जायचा. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर असे पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं. एफटीपीचा पोर्ट २१, टेलनेटचा २३, मधला २२ रिकामा होता. तो त्यांनी मागितला आणि मिळाला. पुढे त्यावरून एसएफटीपी आलं: एकच जोडणी, सगळं कुलूपबंद.

पण माझ्या पहिल्या नोकरीत २२ सुद्धा बंद! शुक्रवारी रात्री क्लायंटला बिल्ड पाठवायचंय, फॉर्मवर तीन सह्या हव्यात, आणि सही करणारे तिघंही घरी. मग काय, कोणी .exe चं नाव .jpg करतोय, कोणी पासवर्डवाली झिप बनवतोय, कोणी सरळ स्वतःच्या मेलवरून धाडतोय. माझं स्पष्ट मत: पहारा हवाच, कोड क्लायंटच्या मालकीचा असतो. पण राजरोस वाट ठेवली नाही, तर माणसं भिंतीला भोक पाडतात, आणि त्या भोकावर कोणाचाच पहारा नसतो. खाजगी मेलमध्ये गेलेली ती फाइल आज कुठल्या सर्व्हरवर पडलीये, देव जाणे.

असो. २०२१ मध्ये, एफटीपीच्या पन्नाशीलाच, क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही त्याला ब्राउझरमधून नारळ दिला. २२ नंबरची खिडकी मात्र अजून चालू आहे... जिथे उघडून देतात तिथे :)