कारागृहातील लैंगिक आजार : अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

बंद्यांमध्ये लैंगिक आजार जास्त का, असे विचारले की बोट लगेच त्यांच्या वर्तनाकडे जाते. अभ्यासकाने मात्र आधी त्यांची परिस्थिती पाहावी.

गरिबी, स्थलांतर, सुईने घेतली जाणारी नशा, देहविक्रयातील असुरक्षितता या गोष्टी माणसाला संसर्गाच्या जवळ नेतात आणि पुष्कळदा पोलीस ठाण्यापर्यंतही. म्हणून कैद्यात सापडलेला प्रत्येक संसर्ग तुरुंगातच झाला, असे मानता येत नाही. उपदंशाचा पहिला व्रण संसर्गानंतर १० ते ९० दिवसांत उमटतो. तो बहुधा दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, पण रोग शरीरात राहतोच. एका रक्ततपासणीवरून तो कधीचा हे कळत नाही. त्यासाठी आत येतानाची तपासणी आणि काही महिन्यांनंतरची तपासणी ताडून पाहावी लागते. दुसरीकडे, आतही लागण होते याचा पुरावा आहे : स्कॉटलंडच्या ग्लेनोकिल तुरुंगात १९९३ मध्ये एकमेकांच्या सुया वापरल्याने एचआयव्ही पसरला.

आपल्याकडे २०२२ अखेर कारागृहांत क्षमतेच्या सुमारे १३१ टक्के बंदी होते आणि दर चारांपैकी तिघे कच्चे कैदी होते. अशा गर्दीत नव्या बंद्याची तपासणी कशी होत असेल? मागे रांग खोळंबलेली, शेजारी शिपाई उभा. ‘काही त्रास?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येणार. जबरदस्ती, लपूनछपून होणारे संबंध, एकाच सुईने काढलेले गोंदण यांविषयी तिथे कोण बोलेल? १९९४ मध्ये तिहारमध्ये निरोध द्यावेत की नाही, हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. आज कायदा अधिक स्पष्ट आहे. २०१८ पासून लागू असलेला एचआयव्ही-एड्स कायदा शासनाच्या ताब्यातील व्यक्तीलाही प्रतिबंध, समुपदेशन, चाचणी आणि उपचार यांचा हक्क देतो.

खरी कसोटी उपचाराच्या सातत्याची आहे. सुरुवातीच्या टप्प्यातला उपदंश बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटच्या एका मात्रेने बरा होतो. पण रिपोर्ट येईपर्यंत कच्चा कैदी जामिनावर सुटलेला असतो. स्रावाची तक्रार असेल तर सरकारी दवाखान्यातले राखाडी किट, म्हणजे त्या तक्रारीसाठी आधीच बांधून ठेवलेली औषधे, त्याच दिवशी देता येते, मात्र परम्याची लागण झालेल्या अनेक स्त्रियांना लक्षणेच नसतात. त्यांच्यासाठी त्याच दिवशी निकाल देणारी चाचणी हवी, आणि घरी असलेल्या जोडीदारापर्यंत औषध पोहोचवणारी यंत्रणाही.

बंद्यांना बाहेरच्या समाजाइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळावी, असे संयुक्त राष्ट्रांचे नेल्सन मंडेला नियम २०१५ पासून सांगतात. त्या कसोटीवर आपले काम जोखावे. कोठडीतल्या माणसाला नकार देणे अवघड असते, म्हणून त्याची संमती दुप्पट काळजीने घ्यावी. आणि ज्याच्या रक्ताचा नमुना आपण घेतो, त्याला निकाल आणि औषध दोन्ही पोहोचल्याशिवाय आपला अभ्यास पुरा झाला असे समजू नये.